अय्यनाराचे डोळे

इरुळप्पाअण्णा मूळचे कुंभार. गावाच्या वेशीवर मातीचे घोडे नि राखणदार देव अय्यनार घडवणारं त्यांचं घराणं, आणि हे मात्र शिवकाशीत आमच्या छापखान्यात देवादिकांच्या चित्रकथा काढायचे. चाक सुटलं, खोड सुटली नाही. देवाचे डोळे सगळ्यात शेवटी काढणार, तेही शुक्रवारी, तेल लावून न्हाऊन, उपाशीपोटी. तोवर मुरुगन काय, काली काय, सगळे कोऱ्या डोळ्यांनी ताटकळत बसलेले.

आम्ही बांधणीतल्या बायका त्यांना चिडवायचो. "अण्णा, राक्षसांना बरे सोमवारीच डोळे फुटतात तुमच्याकडे."

"राक्षसांना कोण हात जोडतंय?" असं म्हणून ते डब्यातलं पणियारम आमच्यापुढे सरकवायचे. इतक्या गरीब स्वभावाच्या माणसावर रागवावं तरी कसं? पण हट्टी मेला.

त्या वर्षी दिवाळीच्या पुस्तकासाठी त्यांनी अय्यनाराची गोष्ट स्वतः मागून घेतली. त्यांच्या गावचा देव तो. शेवटच्या पानभर एकच चित्र होतं, घोड्यावर बसून रात्री गावाची राखण करणारा अय्यनार. गुरुवारी अण्णा घरी गेले आणि छपाईच्या प्लेटा करणाऱ्या नव्या माणसाला वाटलं, चित्र पुरं झालंय. शुक्रवारी अण्णा ओल्या केसांनी आले, तेव्हा रात्रपाळीत पुस्तकं छापून, शिवून थप्प्या लागल्या होत्या, अय्यनार कोऱ्या डोळ्यांचाच.

"पोरांना काय कळतंय?" आमचे मालक म्हणाले. "संध्याकाळी लॉरी निघायलाच हवी. दिवाळी झाल्यावर कोण विचारतंय या पुस्तकाला?"

"आंधळा राखणदार मी गावोगाव धाडणार नाही. धाडायचाच असेल तर उद्यापासून मी येत नाही."

अण्णांचा एवढा चढा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. मालकांनी घड्याळाकडे पाहिलं. "मग लॉरी येईतो काढा डोळे," म्हणाले आणि आत गेले.

अण्णा बसले. पुस्तक उघडायचं, हात जोडायचे, डोळे काढायचे, पुढचं घ्यायचं. दुपार झाली तरी थप्प्या होत्या तेवढ्याच दिसत होत्या. माझ्याच्यानं बघवेना.

"अण्णा, आम्ही सगळ्या रिकाम्या बसलोय."

"आमच्यात बाईमाणसानं देवाचे डोळे उघडायचे नसतात, पेच्ची. माझी आई जन्मभर माती तुडवत आली. डोळे उघडायच्या वेळी तिला मागच्या अंगणात उभं करायचे."

"मग तिथून तिला काय दिसायचं?"

"घोड्याचं शेपूट." ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. हातातला कुंचला त्यांनी खाली ठेवला. मग म्हणाले, "जा, नळावर न्हाऊन या सगळ्या."

आम्ही लुगड्यांसकट न्हालो, पदर पिळले आणि ओळीनं बसलो. पहिला कुंचला त्यांनी माझ्या हातात दिला. माझी बोटं खळीनं खरबरीत झालेली. एक डोळा नीट निघाला, दुसऱ्याचं बुबुळ पार कडेला गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अण्णांनी पुस्तक उचलून जवळ नेलं.

"असू दे. अंगणात कोण उभं आहे ते बघतोय," ते म्हणाले आणि ते पुस्तक तेवढं त्यांनी आपल्या पिशवीत घातलं. रविवारी ते गावी जाणार होते, आईकडे.