काटेवाल्यांच्या घरचे फासे

वजनकाटे दुरुस्त करतात म्हणून सगळा बाजार त्यांना काटेवाले म्हणायचा. पारड्याखाली कुणी च्युइंगम चिकटवलेलं सापडलं, की ते भर गिऱ्हाइकांसमोर खरवडून दुकानदाराच्याच तळहातावर ठेवायचे. "रतीभर इकडे नाही, रतीभर तिकडे नाही," असं पुटपुटत दांडी साफ करायचे. असा हा सरळ रेषेतला माणूस रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर राक्षस आणि भुयारं मांडून बसतो, हे सांगून कुणाला पटलं नसतं.

हा खेळ लेकीने कॉलेजातून आणला. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, गोष्ट सांगणाऱ्याने संकटं उभी करायची, आणि पात्र त्यातून निभावलं की नाही ते फाशांनी ठरवायचं. दोन रविवार लेकीने गोष्ट सांगितली. तिसऱ्या रविवारी काटेवाल्यांनी नियमांचं पुस्तक हातात घेतलं, त्याला आता सहा वर्षं झाली. समोर पुठ्ठ्याचा पडदा, पडद्याआड त्यांचे फासे. खेळायला लेक, बायको आणि बायकोचा धाकटा भाऊ.

पात्राच्या अंगात ताकद किती, चपळाई किती, दम, बुद्धी, शहाणपण किती, लोकांवर छाप किती, हे आधी ठरवावं लागतं. एक तर फासे टाका आणि पडेल ते गोड मानून घ्या. नाहीतर सगळ्यांना सारखे गुण द्या, ज्याने त्याने हवे तिथे लावावेत. काटेवाले पक्के फासेवाले. "जन्माला येताना कुणी निवडून घेतं का?" म्हणायचे.

पण फाशांचं आणि त्यांच्या बायकोचं मुळातच वाकडं. चार फासे टाकून सगळ्यांत लहान आकडा सोडून द्यायचा, एवढी सवलत असून तिची बेरीज सात-आठच्या वर सरकेना. भावाला सोळा, लेकीला पंधरा, हिला पाच!

गुरुवारी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "रविवारी नवी गोष्ट सुरू करताय ना? मला धरू नका."

"का गं?"

"कंटाळा आला."

खरं सांगायचं तर नवरा-बायकोचं बोलणं आताशा नळ गळतोय आणि गोळ्या संपल्यात, एवढ्यावरच आलं होतं. रविवारचे ते तीन तास तेवढे ती काटेवाल्यांकडे बघून खळखळून हसायची. ते गेले तर मग राहिलं काय, या विचाराने बिचाऱ्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

रविवारी "नुसता चहा प्यायला बस" म्हणून त्यांनी तिला टेबलाशी बसवलं आणि घसा खाकरून जाहीर केलं, "आजपासून फासे बंद. सगळ्यांना सारखे गुण."

"दाजी, बरं वाटतंय ना?" मेहुणा म्हणाला. "उद्या काटे अंदाजाने लावाल!"

बायकोने कप खाली ठेवला. "हे माझ्यासाठी चाललंय?"

"तुला नेहमी कमी पडतात. म्हटलं, त्यानेच कंटाळली असशील..."

"कमी पडतात त्याचं मला काही नाही हो! मरतुकडा माणूस घेऊन भुयारात घुसायचं, त्यातच तर मजा आहे. पण माझ्यावर कुणी धावून आलं, की तुम्ही पडद्याआड फासा टाकता, हळूच माझ्याकडे बघता आणि म्हणता, 'हुकला.' लेकीची चार पात्रं मेली, याची सहा. माझं एकही नाही. मला काय कळत नाही?"

लेकीने खोडरबराशी चाळा सुरू केला. काटेवाल्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला, आणि चोरी होतीच की ती, दुसरं काय!

"तुझं तोंड पडलेलं मला बघवत नाही गं," ते म्हणाले. लेकीदेखत, मेहुण्यादेखत म्हणाले. मेहुणा एकदम पंखा न्याहाळू लागला.

ती लाल झाली. "बघवून घ्या," म्हणाली. "खेळवायचं असेल तर तो पडदा काढा."

काटेवाल्यांनी पडदा घडी करून खुर्चीखाली सारला. तिने फासे टाकले. ताकद सहा, दम पाच, बाकीचंही यथातथाच. तिने ते कागदावर ठसठशीत अक्षरांत लिहून घेतलं.

गोष्ट सुरू झाली. भुयाराच्या पहिल्याच दारात लांडगा तिच्या पात्रावर झेपावला. काटेवाल्यांनी वीस बाजूंचा फासा सगळ्यांसमोर टाकला. तो घरंगळत बशीला अडला. वीस, म्हणजे लांडग्याचा सगळ्यांत जबर घाव.

त्यांनी फाशाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. ओठ 'हुकला' म्हणायला गोळा झाले होते, दिसत होतं स्पष्ट.

"लागलं," ते म्हणाले.

"मेला?"

"मेला."

ती जी हसत सुटली, टेबलावर हात आपटत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काटेवाले घाबरून बघतच राहिले.

"आता कसं!" पदराने डोळे पुसत ती म्हणाली. "आणा नवा कागद."