हौसामावशीने हात वर केला तेव्हा

हौसामावशी गेल्याचा फोन सुगंधाने केला. मी मासळीची टोपली घेऊन बाजाराच्या रिक्षात बसले होते. सुगंधा पलीकडून एवढंच म्हणाली, "डावरे, आपली मावशी गेली गो..." सकाळचा चहा घेऊन मावशी ओट्यावर टेकली होती, ती तशीच. मी रिक्षा थांबवली आणि टोपली डोक्यावर घेऊन आले तशी परत चालत निघाले. रिक्षावाला ओरडत राहिला, "मावशी, बाजार तिकडं हाय!" आता सव्वा महिना झाला. रडून झालं. पण तिची आठवण काढायला बसलं की माझ्या डोळ्यांसमोर ती ओट्यावरची मावशी येतच नाही. येते ती आमच्या खळ्यात पदर खोचून उभी असलेली, आणि तो एक दिवस आठवतो. त्या दिवसाची गोष्ट आठवली की अजून छाती धडधडते, आणि लिहिताना हसू येतं.

आमचं खळं म्हणजे किनाऱ्यावर मासळी सुकवायची मोकळी जागा. तिथे बांबूच्या उंच वलांड्या उभ्या आहेत, वलांडीला आडवे दोर, आणि दोरांवर बोंबील. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि जोडी दोरावर टाकायची. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा माहेरी भातशेती, बोंबील मी फक्त ताटात बघितलेला. मला हे काम हौसामावशीने शिकवलं. मी डाव्या हाताची, त्यामुळे बाकी सगळ्या जणी अडकवतात त्याच्या बरोबर उलटी अडकवते. माझ्या जोड्या दोरावर उलट्या वळलेल्या दिसतात, लांबूनही ओळखू येतात. पहिल्या दिवशी मावशी माझा दोर बघून पोट धरून हसली. "अगो, हिचे बोंबील सासरी पाठ करून बसलेत!" तेव्हापासून मी सगळ्यांची डावरी. मला बोलायची सवय नव्हती, कोणी काही विचारलं की मान हलवायचे. मावशीला ते चालायचं. ती दोघींचंही बोलायची.

आणि केवढं बोलायची! दुपारी तिच्या घरी टीव्हीवर बातम्या लागायच्या. कुठे चोरी, कुठे खून, कुठे कोणा मुलीवर हात टाकलेला. मावशी निवडायला घेतलेल्या बारीक सुक्या जवळ्याची परात मांडीवर ठेवून टीव्हीशीच भांडायची. "लटकवा मेल्याला! चौकात लटकवा! एकाला लटकवलंत का धा जण सुदारतील." मला ते पटायचं. माझी मुलगी तेव्हा कॉलेजला जायला लागली होती, संध्याकाळी एसटी उशिरा आली तरी माझा जीव खालीवर व्हायचा. कडक शिक्षा असली की भीती बसेल, भीती बसली की पोरी सुखाने घरी येतील, असं सरळ गणित वाटायचं.

त्याच सुमाराला खळ्यातून बोंबील जायला लागले. आज एकीचा दोर, चार दिवसांनी दुसरीचा, दोर जसाच्या तसा सोडून नेलेला. आमच्याकडे आधीपासून नियम होता, की ज्या बाईने दुसरीची मासळी उचलली तिने ती परत द्यायची आणि महिनाभर सगळं खळं एकटीने झाडायचं. मावशी म्हणाली, झाडू मारून कोण सुधारतं? सभा बोलावली तिने. तिच्या आवाजात जोरच असा होता, की सगळ्या बायका पेटल्या, मीसुद्धा. नवीन नियम ठरला. दुसरीच्या दोराला जी हात लावेल, कशासाठीही लावेल, तिचं घर खळ्यातून कायमचं बाहेर. सासू, सून, मुलगी, कुणालाच वलांडी नाही. पार्वती, मावशीच्या शेजारची, जरा कचरली. म्हणाली, "मावशी, हे वाळीत टाकल्यासारखं झालं, कायद्यानं चालतं काय?" मावशी म्हणाली, "कायद्याला बोंबील सुकवायचेत काय गो?" सगळ्या हसल्या. मी मान हलवली. सगळ्यांच्या आधी हलवली, हेही इथे लिहून ठेवते.

दोन महिने गेले. चोऱ्या थांबल्या नाहीत. उलट पूर्वी कोणी काही बघितलं तर खळ्याच्या या टोकावरून त्या टोकाला नाव घेऊन ओरडायची, आता कोणालाच काही दिसेना. मावशी विचारायची आणि बायका समुद्राकडे बघायच्या. मावशी म्हणायची, अजून कडक करायला पाहिजे, फोनवर फोटो फिरवू चोरणारीचा.

मग तो बुधवार आला. सकाळी सुगंधाने दोन टोपल्या बोंबील धुऊन वलांडीखाली ठेवले आणि तेवढ्यात घरून निरोप आला, सासू मोरीत पडली. ती तशीच धावली, सासूला रिक्षात घातलं आणि अलिबागच्या दवाखान्यात नेलं. माझ्याकडे त्या दिवशी मासळी थोडीच आलेली, दोन दोर रिकामेच राहिले. काम संपवून मी निघाले तर दुपार चढलेली, बायका जेवण करायला घरी गेलेल्या आणि सुगंधाच्या टोपल्यांवर नुकतंच ऊन आलेलं. बोंबील म्हणजे निम्मं पाणीच, तासाभरात वास मारतो. मी काही विचारच केला नाही. बसले आणि तिच्या दोन्ही टोपल्या तिच्या दोरांवर टांगून टाकल्या, हात धुतले, घरी गेले. कोणाला सांगायचं असतं हे सुचलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाजाराहून परतले तर पोरीबाळी माझ्याकडे धावत आल्या. "काकी, काकी, तुझी चोर गावली!" मला कळेना. खळ्यात गेले तर मावशी कमरेवर हात ठेवून सुगंधाच्या वलांडीखाली उभी. माझे दोन दोर रिकामे आणि सुगंधाच्या दोरांवर उलट्या जोड्या! सगळ्या गावात उलट्या जोड्या एकाच बाईच्या. सगळ्यांनी धरलं, की या वेळी दोर न सोडता सुगंधाने किंवा तिच्या घरच्या कोणी माझ्या जोड्याच काढून आपल्या दोरांवर टाकल्या. मावशीने मला मिठी मारली. "गप ऱ्हायलीस म्हणून कोन पन लुटंल काय तुला? मी हाय ना!" तिने सुगंधाला फोन लावून सगळ्यांसमोर विचारलंही होतं, बोंबील कोणी टांगले? सुगंधा दवाखान्यातून म्हणाली, मला ठाऊक नाही, मी टोपल्यांतच ठेवून आले. आता हे उत्तर कोणाला खरं वाटणार?

मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण तेवढ्यात मला तो नियम आठवला. कशासाठीही हात लावेल तिचं घर बाहेर. दुसरीच्या दोराला हात मीच लावला होता. माझा नवरा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी, आमचं निम्मं घर त्या वलांडीवर चालायचं. सासू म्हातारी. मुलीचं कॉलेज. खरं बोलले तर आम्ही बाहेर, गप्प राहिले तर सुगंधा बाहेर, आणि ती बिचारी सासूच्या उशाशी बसलेली. सभा शुक्रवारी चारला ठरली. तोवर मला अन्न गोड लागलं नाही. बायका येऊन माझी समजूत घालत होत्या, एकीने तर सांत्वनाला नारळाच्या वड्या आणल्या! त्या वड्या मी खाल्ल्या, याची मला आजही लाज वाटते.

शुक्रवारी खळं भरलं. सुगंधाही आली, दवाखान्यातून तशीच, विस्कटलेल्या केसांनी. ती कोणाकडे बघत नव्हती. मावशी बोलायला लागली, काय तो आवाज! मी उठून उभी राहिले. कोणाच्या लक्षात आलं नाही. मावशीला दिसले तर म्हणते, "बस गो, तुज्यासाठीच चाललंय."

"ते मीच टांगले."

माझा आवाज इतका बारीक आला, की मावशीने कानामागे हात धरला. "काय?"

"सुगंधाचे बोंबील हुते, तिच्या टोपलीतले. खराब झाले असते. मी टांगले."

मग कोणीतरी फिसकन हसलं, मग दुसरी, मग सगळं खळं हसायला लागलं, आणि त्या हसण्यातून पार्वतीचा आवाज आला. "मग नियमानं हिला काढायला पायजे. दोराला हात लावलान ना?" हसणं बंद झालं. ती दुष्टाव्याने म्हणाली नव्हती, नियम तसाच होता. सगळ्यांनी मावशीकडे बघितलं. मावशी माझ्याकडे बघत होती. तिने शिकवलेली मी, तिच्याच नियमात अडकलेली. खरं सांगते, आत कुठेतरी मोकळं वाटत होतं. जे व्हायचं ते होऊ दे, बोलून तर झालं!

आणि मग मावशीने आपला हात वर केला.

मला वाटलं, सगळ्यांना गप्प करायला केला. तर ती म्हणते, "मागच्या म्हयन्यात अवकाळी सर आली, तवा पार्वतीचे दोर मी काडून पडवीत नेले, सर गेल्यावर परत बांदले. तिला सांगितलं बी न्हाय. माजं घर पन भायेर. आजून कुनी कुनी हात लावलाय, वर करा."

मग कोपऱ्यातून एक हात आला, "मी कावळे हाकलताना यमीचा दोर बांदला." मग दुसरा. मग हात येतच गेले, बांगड्या किणकिणत होत्या, आणि शेवटी पार्वतीने कपाळावर मारून घेतलं आणि तिचाही हात वर! खाली राहिलेले हात शोधावे लागले असते. मावशी म्हणाली, "मंग काय, सगल्या गावानं बोंबील सुकवायला शेतावर जायाचं काय गो आता?" असं हसले मी त्या दिवशी, की नाकातून पाणी आलं. फक्त सुगंधा हसली नाही.

हसणं ओसरल्यावर पार्वतीनेच विचारलं, आणि बरोबरच विचारलं, "पन चोर तर ऱ्हायलाच. नियम काडला तर अजून माजंल." मावशीने तो प्रश्न सगळ्यांकडे वळवला. या दोन महिन्यांत खरंच कोणाला काही दिसलं नाही? मग एक म्हातारी खालच्या आवाजात म्हणाली, "दिसलं व्हतं गो मना. पन तिच्या घरात बारकी पोरं हाईत. खराटा मारायचा असता तर नाव घेतलं असतं. चूल इजवायला कसं घेऊ?" मावशी मटकन खाली बसली. तिने भीती बसवायला नियम केला होता. भीती बसली ती बघणाऱ्यांना, आणि चोर निवांत होता.

त्याच सभेत जुना नियम परत आला. नव्याने एकच गोष्ट ठरली, दुपारी खळं रिकामं सोडायचं नाही, दोघीदोघींनी पाळीने बसायचं. तीन आठवड्यांत चोरणारी सापडली. पाळीवरच्या दोघींनी लगेच नाव सांगितलं, कारण सांगायला आता छातीवर दगड नव्हता. ती रडली, तिने महिनाभर खळं झाडलं. तिचं नाव मी लिहिणार नाही, ती आजही माझ्या शेजारच्या वलांडीवर बोंबील टांगते आणि माझ्या पाळीच्या दिवशी मला चहा आणून देते.

त्या सभेच्या दुसऱ्याच दिवशी मावशी एसटीने अलिबागला गेली, सुगंधाच्या सासूला बघायला. कोणापुढे मान न झुकवणारी बाई दवाखान्याच्या बाकावर तासभर सुगंधाशेजारी बसून होती. सुगंधा तिच्याशी दोन महिने बोलली नाही. मावशीने ते सोसलं. टीव्हीशी भांडणं मात्र तिने सोडलं नाही. "लटकवा मेल्याला" होतंच, पण नंतर जवळा निवडता निवडता थांबायची आणि म्हणायची, "पयले तो तोच हाय का ते बगा रं..." एकदा मी तिला विचारलं, मावशी, मोठ्या गुन्ह्यांना पण हे लागू होतं का गो? तिने खूप विचार केला. म्हणाली, "त्ये मना न्हाय कळत. तुजी पोर संध्याकालची घरी येते तवा फाशीच्या भयानं येते, का नाक्यावर चार मानसं उभी असतात म्हनून येते, तूच सांग." मुलीची एसटी उशिरा असली की मी आता घरात झुरत बसत नाही, नाक्यावर जाऊन उभी राहते. आणखी दोघी-तिघी येतात.

त्या शुक्रवारनंतर मावशीने सभेत एक रीत धरली. सगळं ठरलं, बायका पदर झटकून उठायला लागल्या, की ती हात आडवा करायची. "थांबा. जी बोलली न्हाय ती बोलंल." आणि मग गप्प बसायची, तीसुद्धा! इतका वेळ, की बायका चुळबुळायच्या. बरेचदा कोणी बोलत नसे. तरी ती थांबायची.

परवा मावशीशिवायची पहिली सभा झाली. पुन्हा एकीचा दोर गेला होता, पुन्हा तेच निघालं, कडक करा, फोटो फिरवा. एका नव्या सुनेचं नाव कुजबुजीत फिरत होतं. सगळ्यांनी माना हलवल्या, उठायला लागल्या. मी वाट बघितली, कोणीतरी हात आडवा करेल म्हणून. कोणी केला नाही. मग मला माझाच आवाज ऐकू आला, चांगला मोठा.

"थांबा. जी बोलली नाही ती बोलेल."

पार्वती बसली. सुगंधा बसली. मग सगळ्या बसल्या. आम्ही थांबलो... खूप थांबलो. आणि मागच्या रांगेतून ती नवी सून, डोक्यावरचा पदर सावरत, हळूच उभी राहिली.