फळ्यावरून पुसलेले आदर्श उत्तर

सोनवणे सरांची आणि माझी पहिली भेट उल्हासनगरच्या एका कापडाच्या दुकानात झाली, हे सांगितले तर कोणाला खरे वाटत नाही. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायला मी त्याच आठवड्यात रुजू झाले होते. इतिहास विभागात चौकशी केली तेव्हा शिपाई म्हणाले, "सर वर्ग घेऊन बाजारात गेलेत." मी कुळगावच्या शेतकरी घरातली, कॉलेजात शिकवायला लागलेली पहिलीच. विभागप्रमुखांना भेटायचे म्हणून इस्त्रीची साडी नेसून आले होते. विचारत विचारत दुकानापाशी पोहोचले, तर मुले पायऱ्यांवर बसलेली आणि सर गादीवर, दुकानाच्या सिंधी शेठजींच्या शेजारी.

मध्ययुगीन युरोप समुद्राकडे का वळला, हा त्या दिवशीचा विषय होता. सरांनी शेठजींना विचारले, "तुमची माणसं परदेशात धंद्याला कधी गेली? फाळणीनंतर ना?"

"नहीं साहब, सब यही समझते हैं," शेठजी म्हणाले. "मेरा दादा तो बँटवारे के बहुत पहले जहाज में बैठा. पहले एक जण जातो, त्याची चिट्ठी येते, मग दुसरा जातो. रस्ता बंद हुआ इसलिए कोई नहीं निकलता. थोडा रस्ता मालूम होता है, इसलिए निकलता है."

सर हसले, सगळ्यांना चहा पाजला आणि वर्ग संपला. शेठजींच्या बोलण्याकडे तेव्हा आम्हा दोघांचेही लक्ष नव्हते.

सरांचे वडील अंबरनाथच्या काडीपेटीच्या कारखान्यात कामाला होते. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर त्यांनी घरात एक नियम केला होता. ऐकलेली गोष्ट तपासल्याशिवाय मानायची नाही, सांगणारा बाप असला तरी. सरांनी तो नियम वर्गात आणला. मुलांच्या निबंधांच्या, आमच्या टिपणांच्या, अगदी रजेच्या अर्जाच्या समासातही ते हिरव्या शाईने एकच शब्द लिहीत, "कशावरून?" नव्या देशांच्या शोधाविषयी बोलताना कोणी फार रंगून गेले, तर सर शांतपणे विचारत, "आणि जहाजाच्या तळाशी कोण होतं?" मग पुढचा अर्धा तास गुलाम करून नेलेल्या माणसांवर जाई.

माणूस म्हणून सर किती मोठे आहेत, हे मला पहिल्याच वर्षी कळले. माझे वडील महिनाभर इस्पितळात होते. त्या काळात माझे सगळे तास सरांनी घेतले आणि ऑफिसला कळू दिले नाही. तास बुडाले असते तर माझी नेमणूक त्याच महिन्यात गेली असती. मी आभार मानायला गेले तेव्हा त्यांनी विषय बदलला आणि कपाटातून एक पुस्तक काढून दिले. पोर्तुगीजांच्या सागरी सफरींवरचे होते. पहिल्या पानावर हिरव्या शाईत लिहिले होते, "वाचा आणि माझ्याशी भांडा."

मी वाचले. भांडले मात्र नाही, आणि खरे तर तेच सांगण्यासाठी हा लेख लिहिते आहे.

सतरा वर्षांपूर्वीचा मे महिना होता. पदवी परीक्षेच्या उत्तरपत्रिका आमच्याच महाविद्यालयाच्या सभागृहात तपासल्या जात होत्या. मी परीक्षक म्हणून पहिल्यांदाच बसले होते आणि सर मुख्य नियामक होते. प्रश्न होता, युरोपीय लोक सागरी मार्गांच्या शोधाकडे का वळले? गुण दहा. आदर्श उत्तर सरांनी स्वतः फळ्यावर लिहून दिले होते. तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, व्यापाराचा खुष्कीचा मार्ग बंद झाला, म्हणून युरोपीय लोक समुद्राकडे वळले. आपण सगळे हेच शिकलो आणि हेच शिकवत होतो.

माझ्या गठ्ठ्यातल्या एका उत्तरपत्रिकेत वेगळेच लिहिले होते. कॉन्स्टँटिनोपल पडण्याच्या एक पिढी आधीपासून पोर्तुगीज आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली उतरत होते. मसाला इजिप्तमार्गे व्हेनिसला येतच होता. समुद्राची सवय होती मासेमारांना, पैसा होता जिनोआच्या व्यापाऱ्यांकडे, आणि वाट्याला जमीन न आलेल्या सरदारांच्या धाकट्या मुलांना घरी काही काम नव्हते. आफ्रिकेतल्या सोन्याची बातमी होती, धर्मयुद्धाची जुनी खुमखुमी होती, होकायंत्र होते. एक एक बेट करत ते पुढे गेले. अक्षर वाईट होते, पण उत्तर साधे आणि सरळ होते.

मी दहापैकी एक गुण दिला. तो विद्यार्थी सहा गुणांनी नापास झाला.

थोड्या गुणांनी हुकलेल्या उत्तरपत्रिका नियामकांकडे जातात. दुपारी सरांच्या हातात ती आली. त्यांनी वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. मी त्यांच्याकडेच पाहत होते.

"हा पेपर कोणी तपासला?"

मी उभी राहिले.

"म्हात्रे मॅडम, उत्तर पूर्ण वाचलंत?"

"वाचलं, सर."

"मग एकच गुण?"

"आदर्श उत्तराप्रमाणे दिला, सर."

सरांनी वळून फळ्याकडे पाहिले. एक ज्येष्ठ परीक्षक म्हणाले, "सर, सोडा ना आता. त्याला सहा मार्क वाढवा, विषय संपला. आज संध्याकाळी मार्कलिस्ट द्यायच्यात."

"हा एक मला सापडला," सर म्हणाले. "न सापडलेले किती असतील?"

ते उठले, डस्टर घेतले आणि स्वतःचे उत्तर पुसले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "चूक माझी आहे. मॅडमनी माझ्या उत्तराप्रमाणे तपासलं, त्यांचा यात काही दोष नाही. एका शेठजींनी मला हे भर दुकानात समजावलं होतं. मी मान डोलावली, पण ऐकलं नाही. सगळे गठ्ठे पुन्हा सोडा."

त्यानंतरचे दोन दिवस कोणी सरांशी धड बोलले नाही. निकाल लांबला, वरून फोनवर फोन आले. सरांनी लेखी खुलासा दिला आणि त्यातही दोष एकट्याच्या नावावर घेतला. फेरतपासणीत आणखी काही मुले पास झाली. पुढच्या वर्षी नियामकांच्या यादीत सरांचे नाव नव्हते, आणि ते पुन्हा कधीच आले नाही. निवृत्तीपर्यंत सरांनी नाव वगळल्याबद्दल चकार शब्द काढला नाही. नव्या वर्षाच्या पहिल्या तासाला मात्र त्यांनी मुलांना सांगितले, "वीस वर्षं मी हा धडा चुकीचा शिकवला. आता आपण सगळे मिळून तो पुन्हा शिकू." ते ऐकणाऱ्या मुलांपैकी दोघे आज बदलापूरच्या शाळांत इतिहास शिकवतात.

सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथाच्या संपादक मंडळाला हा प्रसंग नको होता. गौरवग्रंथात चुकांचा उल्लेख कशाला, असे त्यांचे म्हणणे. मी हट्ट धरला, कारण ती चूक जेवढी सर समजतात तेवढी त्यांची नाही.

सर, त्या दिवशी तुम्ही सर्वांसमोर म्हणालात की म्हात्रे मॅडमचा दोष नाही. मी खाली मान घालून ते ऐकून घेतले आणि सतरा वर्षे ऐकूनच घेतले. त्या मुलाचे उत्तर बरोबर आहे हे मला ते वाचतानाच कळले होते. फळ्यावरचे अक्षर तुमचे होते, जूनमध्ये माझी नेमणूक तुमच्या सहीने व्हायची होती, आणि मी घाबरले. तुम्ही नकळत चुकलात. मी जाणूनबुजून एक गुण दिला. मला त्याची लाज वाटते.

हे वाचून तुम्ही समासात "कशावरून?" लिहाल, म्हणून पुरावा देते. तुम्ही दिलेले पुस्तक अजून माझ्याकडे आहे. ज्या पानावर पोर्तुगीज कॉन्स्टँटिनोपल पडण्याआधीच आफ्रिकेकडे निघतात, तिथे मी पेन्सिलीने खूण करून शेजारी लिहिले होते, "सरांना विचारायचे." खाली तारीख आहे. ती त्या मे महिन्याच्या आधीच्या डिसेंबरातली आहे.

तुमच्या पंच्याहत्तरीला मी एवढेच मागते की तुमचे डोळे आणि गुडघे ठणठणीत राहोत, हिरवी शाई कधी न संपो, आणि शंभरीच्या समारंभालाही तुम्ही आमच्या भाषणांतल्या चुका काढत बसलेले असा. या रविवारी मी ते पुस्तक घेऊन अंबरनाथला येते आहे. पहिल्या पानावर तुम्ही जे सांगितले होते, ते करायला मला फार उशीर झाला. तरी दार उघडा.