हाडक्यांचा राजा आणि मंदाताईंची मूठ

पडद्यावर सापळ्यांची एक पलटण आमच्या किल्ल्याकडे सरकत होती. मंदाताई खुर्चीत ताठ बसून उजव्या हाताची मूठ आवळत होत्या आणि सोडत होत्या. मी शेजारी बसून मोजत होते. सात, आठ. तेवढ्यात दार उघडलं आणि देवरे सर आत आले.

सर म्हणजे आमच्या हॉस्पिटलचे मालक आणि हाताचे सर्जन. बोलायचे कमी. त्यांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हा पेशंटच्या रेकॉर्डचा कॉम्प्युटर आहे ना?"

"हो सर."

"मग ही हाडं कोणत्या पेशंटची?"

मी म्हणाले, व्यायाम चालू आहे. सरांनी मंदाताईंच्या हाताकडे एकदा बघितलं आणि ओपीडी संपल्यावर केबिनमध्ये यायला सांगून गेले.

साल २००१. हॉस्पिटल गंगापूर रोडला होतं. मी सव्वीस वर्षांची, फिजिओथेरपिस्ट म्हणून दुसरीच नोकरी. आमची खोली मागच्या बाजूला. एक पलंग, एक कप्पी, हात बुडवून शेकायचं मेणाचं भांडं, आणि रिसेप्शनला नवा कॉम्प्युटर आल्यावर आमच्याकडे ढकललेला जुना. ज्या माणसाने तो जोडून दिला होता त्याने त्यात एक गेम तसाच ठेवला होता. राज्यं, किल्ले, मांत्रिक, उडणारे प्राणी. आपण एक चाल करायची, मग कॉम्प्युटर त्याची चाल करणार, बुद्धिबळासारखं. खरं सांगायचं तर डबा खाताना मी तो रोज खेळायचे. एका हातात पोळीची गुंडाळी, एका हातात माऊस. शेवटच्या लढाईपर्यंत तीनदा पोचले होते आणि तिन्ही वेळा हरले होते.

मंदाताई मखमलाबादच्या पुढच्या एका खेड्यातल्या. फुलशेती होती, शेवंती, झेंडू, थोडा निशिगंध. वय पंचेचाळीसच्या आसपास. वैशाखातल्या वावटळीत फुलं निवडायच्या शेडचा पत्रा उचकटला आणि त्यांनी तो उजव्या हाताने धरला. पत्र्याच्या कडेने पहिलं आणि मधलं बोट आतून कापलं. पोपटराव, म्हणजे त्यांचे यजमान, ओल्या फडक्यात हात गुंडाळून त्यांना एम-एटी गाडीवर घेऊन आले. सरांनी त्याच दिवशी ऑपरेशन केलं.

बोट वाकतं ते दोरीने. या दोरीला टेंडन म्हणतात. ओढणारा स्नायू वर, कोपराजवळ असतो, आणि दोरी एका अरुंद बोगद्यातून बोटाच्या टोकापर्यंत जाते. ती तुटली की शिवता येते. पण शिवल्यावर दोन धोके असतात. फार हलवली तर टाका तुटतो. कमी हलवली तर ती बोगद्याला आतून चिकटते आणि बोट लाकडासारखं होतं. म्हणून पहिले काही आठवडे जपायचं आणि नंतर हलवायचं. सगळी कसरत या 'नंतर'ची आहे.

सरांनी ऑपरेशननंतर मंदाताईंना बजावलं होतं, की जोर लावलात तर दोरी तुटेल आणि मग मी काही करू शकणार नाही. ते बरोबरच होतं, त्या वेळी. सहा आठवड्यांनी पट्टी काढली आणि मी म्हणाले, आता हलवा. पण सर्जनचं पहिलं वाक्य पेशंटच्या मनात राहतं, फिजिओचं दुसरं राहत नाही. मंदाताई माझ्यासमोर दहा वेळा मूठ करायच्या, पण ती मूठ नसायची. बोटं मुळापाशी जरा वाकवायच्या आणि थांबायच्या. घरी करते म्हणायच्या. मी मोजपट्टीने बोटाचं टोक आणि तळहात यांमधलं अंतर मोजायचे. चार सेंटिमीटर. पुढच्या आठवड्यातही चार.

रागावून झालं, समजावून झालं. त्या मान डोलवायच्या. एकदा म्हणाल्या, "म्याडम, आत काय चाललंय ते तुम्हाला दिसतं का? नाय ना. मग?" सरांनी फाइलवर लिहिलं, की तीन महिन्यांपर्यंत फरक पडला नाही तर पुन्हा उघडून दोरी सोडवावी लागेल. म्हणजे दुसरं ऑपरेशन, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. फुलं तोडणं, ओवणं हे सगळं या दोन बोटांचं काम. डाव्या हाताने त्या फक्त टोपली धरू शकत होत्या.

एका दुपारी पोपटरावांना फुलबाजारात काम होतं म्हणून ते मंदाताईंना लवकर सोडून गेले. मी डबा खात खेळत होते. मागे उभं राहून त्या बराच वेळ बघत होत्या हे मला कळलंच नाही.

"ती घोरपड उडती हाय का?"

तो ड्रॅगन होता. मी जरा ओशाळून काय काय आहे ते सांगितलं. हे आपले भालेवाले, हे तिरंदाज, हे गरुडाच्या तोंडाचे उडणारे सिंह, थोडक्यात गरुड. पलीकडे सापळ्यांचं सैन्य आणि त्यांचा राजा. त्यांनी त्याला लगेच 'हाडक्यांचा राजा' म्हणून टाकलं. मग खुर्ची ओढून बसल्या आणि डाव्या हाताने माऊस धरायला गेल्या. मी म्हणाले, उजव्या हाताने खेळायचं असेल तर देते.

मी माऊसला फोम गुंडाळला, मनगटाखाली टॉवेलची घडी ठेवली. माऊस दाबल्याने बोट बरं होत नाही, हे मला माहीत होतं. तेवढं वाकणं पुरत नाही. पण आमचा कॉम्प्युटर अतिशय मंद होता. शत्रूची चाल आली की तो मिनिटभर घरघरत बसायचा. मी नियम केला. तो खेळत असेल तोवर तुम्ही मुठी करायच्या. मुठी थांबल्या की मी पडदा बंद करणार.

मंदाताईंना राज्य सांभाळणं पहिल्या दिवसापासून जमलं. पडद्यावरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, आकडे येत होते. कुठली खाण आधी घ्यायची, कुणाला मागे ठेवायचं, हे त्या न विचारता ठरवायच्या. मी चुकीची चाल सुचवली तर ऐकून घ्यायच्या आणि आपली करायच्या. बोटं मात्र अजून भीतभीतच वाकत होती. तरी चाराचे तीन झाले. आणि मग त्या दिवशी सर आत आले.

केबिनमध्ये मी फाइल पुढे ठेवली. सरांनी आकडे वाचले.

"हे तू मोजलंस?"

"हो सर."

"उद्या मी मोजतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मोजपट्टी लावली. अडीच भरलं. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की बाराव्या आठवड्याच्या तपासणीपर्यंत चालू दे, पण दार बंद ठेव आणि आवाज बंद ठेव. बाहेर पेशंट ताटकळत बसलेले असतात.

तपासणी सोमवारी होती. त्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही शेवटच्या लढाईला पोचलो. अंतर अजून दोन होतं, आणि सरांनी दुसऱ्या ऑपरेशनची तारीख कच्ची धरून ठेवली होती. हे मंदाताईंनाही माहीत होतं.

या लढाईची गोम अशी होती, की आपला शिपाई मेला की पुढच्या चालीला तो सापळा होऊन शत्रूकडून उभा राहायचा. मी तिन्ही वेळा मोठ्यात मोठं सैन्य घेऊन गेले होते आणि माझंच सैन्य माझ्यावर उलटलं होतं. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि दोनशे भालेवाले किल्ल्यातच ठेवले. बरोबर फक्त सहा गरुड, चाळीस तिरंदाज आणि एक मांत्रिक.

मी म्हणाले, एवढ्यांनी काय होणार.

"मर रोग लागलेलं रोप वाफ्यात ठेवलं की शेजारचं जातं," त्या म्हणाल्या. "हे भालेवाले पटापटा मरत्यात. नेलेच नाय तर त्याला माणसं कुठून मिळतील?"

तीन वेळा हरूनही मला हे सुचलं नव्हतं.

सुरुवात चांगली झाली. तिरंदाजांनी लांबूनच सापळ्यांची एक रांग पाडली. गरुड त्यांनी कोपऱ्यात राखून ठेवले होते. राजा एकेक पलटण पुढे पाठवत होता आणि मागे एकटा पडत चालला होता. मग कॉम्प्युटरची चाल आली. घरघर सुरू झाली, मंदाताईंच्या मुठी सुरू झाल्या, आणि राजाची ती काळी घोरपड सगळं मैदान ओलांडून उडत आली आणि तिरंदाजांवर जाळ सोडला. चाळीसचा आकडा उतरत उतरत शून्यावर आला.

तीन आठवडे वाढवलेले तिरंदाज होते ते. मंदाताईंनी मूठ आवळली. पडद्याकडे बघत, दातओठ खात, पूर्ण. मी पाहत होते. पहिल्या बोटाचं टोक तळहातात रुतलं होतं, आणि मधलं जेमतेम टेकायला आलं होतं.

आणि कट असा आवाज झाला. बारीकच, पण मलाही ऐकू आला.

त्यांनी हात उघडला, डाव्या हाताने मनगट धरलं आणि माझ्याकडे बघितलं. चेहरा पांढरा पडला होता.

"तुटलं."

अशा वेळी दोन शक्यता असतात. एक तर टाका तुटला, किंवा चिकटलेलं सुटलं. दुसरी शक्यता मी फक्त पुस्तकात वाचली होती. सर ऑपरेशन थिएटरमध्ये होते. तुटलं असेल तर ते माझ्या खोलीत, माझ्या खेळाने तुटलं होतं, आणि ते सरांना मलाच सांगावं लागणार होतं.

तपासायची पद्धत सोपी आहे. बोटाचं मधलं पेर धरून ठेवायचं आणि फक्त टोक वाकवायला सांगायचं. दोरी तुटली असेल तर टोक हलत नाही. मी मधल्या बोटाचं पेर धरलं.

"टोक वाकवा."

"नको. मला कळलं ना. तुटलंय."

"मला नाही कळलं अजून. मला बघायचंय."

त्या हलेनात. मी पेर धरून तशीच बसले. कॉम्प्युटरची घरघर थांबली होती आणि पडद्यावर आमची चाल येऊन थांबली होती. मग त्यांनी डोळे मिटले आणि माझ्या चिमटीत ते टोक वाकलं. आदल्या दिवशीपेक्षा जास्त. पहिलं बोट पाहिलं, तेही वाकलं. पुन्हा वाकवायला सांगितलं, पुन्हा वाकलं. मी म्हणाले, तुटलं नाही, सुटलंय. आत चिकटलेला पापुद्रा सुटला.

त्यांनी स्वतः चारपाच वेळा वाकवून पाहिलं. रडतील असं मला वाटलं होतं, पण त्या माझ्यावर उखडल्या. असा आवाज होतो हे आधी का नाय सांगितलं, म्हणाल्या. मी खरं ते सांगितलं, की मीही आज पहिल्यांदाच ऐकला.

यावर त्या हसल्या. डोळ्यांना पदर लावला आणि माऊस हातात घेतला.

पुढची लढाई फार चालली नाही. राजाची सगळी फौज, सापळे होऊन उठलेल्या आमच्या तिरंदाजांसकट, पुढे येऊन बसली होती. मंदाताईंनी सहाही गरुड तिच्या डोक्यावरून थेट राजावर नेले. त्यातले चार पडले. घोरपड परत फिरून यायच्या आत उरलेल्या दोघांनी त्याला संपवलं. पडद्यावर एक मुकुट आला, दोन ओळी आल्या, आणि मग गेम जिथून सुरू होतो ते पहिलं पान.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच."

"मग राज्य?"

"राज्य दाखवत नाहीत."

"मग कशाला एवढी मरमर केली," असं म्हणून त्या उठल्या. चप्पल घालताना त्यांनी पिशवी उजव्या हाताने उचलली. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

सोमवारी सरांनी मोजलं. पहिलं बोट तळहाताला पूर्ण टेकत होतं, मधलं अर्धा सेंटिमीटर कमी. सरांनी ऑपरेशनची तारीख खोडली. मंदाताई बाहेर गेल्यावर मी शनिवारच्या आवाजाचं सगळं सांगितलं. सर ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "ऑपरेशन करून मी तेच करणार होतो." मग त्यांनी विचारलं, की ती लढाई कोण जिंकलं. मी सांगितलं. गेम काढून टाक, असं ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत.

नंतर मी तो गेम आणखी तिघांवर वापरून पाहिला. तिघांनाही खेळ आवडला आणि मुठी राहून गेल्या. पुढच्या वर्षी कॉम्प्युटरची मेमरी वाढवली, त्याची चाल दोन सेकंदांत व्हायला लागली, आणि तो विषय संपला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंदाताई झेंडूचं तोरण घेऊन आल्या. स्वतः ओवलेलं. मधलं बोट किंचित बाहेर राहायचं, पण सुई धरायला अडत नव्हतं. मी बाहेर आले तेव्हा त्या वेटिंग रूममध्ये एका नव्या पेशंटच्या बायकोला धीर देत होत्या.

"घाबरू नका," त्या सांगत होत्या. "सरांच्या हाताला लय गुण हाय. माझं तर दुसरं ऑपरेशन करायचीसुद्धा वेळ आली नाय."

मला पाहून त्यांनी मान हलवली, ओळखीची. मी आत गेले, पुढचा पेशंट आला होता. आज माझं स्वतःचं क्लिनिक आहे आणि नव्या मुली शिकायला येतात. त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते, की आपल्या कामात श्रेय मिळत नाही. बोट वळतं, तेवढ्यावर भागवायचं.