सावलीतल्या जाळीवरची वेल

हेल्वे ताम्म, वय एकाहत्तर, निवृत्त ग्रंथपाल, मुक्काम एस्टोनिया. शेजाऱ्यांशी संबंध: निरंक. शेजारच्या एंडेलची नजर अडवायला तिला उत्तरेच्या सावलीतल्या जाळीवर दाट वेल हवी होती. आयव्ही पहिल्याच हिवाळ्यात गारठून मेली. थंडीत तगणाऱ्या किवीच्या वेलीच्या वासाने गल्लीतली मांजरं वेडावली आणि त्यांनी तिची कोवळी पानं फस्त केली.

"बाई, हॉप्स लावा, बिअरमध्ये बोंडं घालतात ना, ती वेल. ओढ्याकाठी सावलीतच माजतात," कुंपणापलीकडून एंडेल म्हणाला.

"तुम्हाला विचारलंय कुणी?" असं फटकारून तिने हॉप्सच लावले. ऑगस्टपर्यंत जाळी भरली आणि एंडेल दिसेनासा झाला.

सप्टेंबरात तो टोपली घेऊन थेट दारातच उभा राहिला. "घरच्या बिअरला चार बोंडं द्या की."

"तोडा, पण वेलीत भोकं पाडू नका!"

हल्ली तो रोजची कॉफी जाळीच्या अलीकडे, तिच्या स्वयंपाकघरात पितो.