सहा नळ्या आणि एक लाल पेन

भित्री भागूबाई हे नाव काकूला लहानपणीच चिकटलं आणि तिनं ते जन्मभर इमानेइतबारे चालवलं. कुत्रं भुंकलं तर भीती, कुणी उगाच गोड बोललं तरी भीती. घराला कुलूप लावून ती तीनदा ओढून पाही आणि कोपऱ्यावरून परत येऊन चौथ्यांदा ओढी. अशा बाईला नोकरी मिळावी ती प्रयोगशाळेतल्या काळोख्या खोलीत! पण खरं सांगायचं तर त्या खोलीला असंच माणूस हवं होतं. धीट माणसं काचसामान फोडतात. काकूनं एकोणतीस वर्षांत एकच बाटली फोडली, तीही पहिल्या वर्षी. तेव्हाचे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते, "उद्यापासून येऊ नका." नवऱ्यानं हातापाया पडून ते मागे घ्यायला लावलं. तरी ते वाक्य काकूच्या पोटात जे जाऊन बसलं, ते बसलंच.

तिचं काम ऐकायला अवघड, पण समजायला सोपं. जिवाणूच्या कातडीत साखर आत घेणारी दारं असतात. प्रत्येक दार म्हणजे एक प्रथिन. हजारो प्रथिनांतलं नेमकं दार कोणतं हे शोधायचं, तर साखरेचं सोंग घेतलेलं एक रसायन बनवायचं. ते दारात जाऊन बसतं, उठतं, पुन्हा बसतं. त्याच्यावर अतिनील दिव्याचा उजेड टाकला की ते बसल्या जागी कायमचं चिकटतं. मग त्या रसायनाची खूण कोणत्या प्रथिनाला लागली ते बघायचं. साध्या पांढऱ्या दिव्याचा उजेड जरी वेळेआधी पडला तरी रसायन वाया, म्हणून त्या खोलीत फक्त एक मिणमिणता लाल दिवा. आणि ताळा पाहायला निम्म्या नळ्यांत खरी साखर भरपूर घालायची. खरा जावई घरात असताना तोतयाला कोण विचारतो? खऱ्या साखरेनं दार अडवलं की त्या नळ्यांत खूण लागत नाही.

हे सगळं काकूला समजावलं होतं चिमणीनं. चिमणी म्हणजे प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांच्या हाताखाली संशोधन करणारी मुलगी, सतत चिवचिवणारी. चार वर्षं ती या एका दाराच्या मागे लागली होती. काकूला मूलबाळ नव्हतं. चिमणी डबा विसरली की काकू आपल्या डब्यातलं अर्धं काढून तिच्यापुढे ठेवी, आणि ती जेवली नाही तर रागावे.

त्या सोमवारी सकाळी नळ्यांवर लिहायचं काळं पेन सुकलं. काकूनं फुंकर मारली, झटकलं, शेवटी सरांच्या टेबलावरचं लाल पेन उचललं. तीन नळ्यांवर लिहिलं 'साखर', तीन नळ्यांवर 'नाही'. बर्फाच्या डब्यात त्या ओळीनं खोचल्या आणि ती काळोख्या खोलीत गेली. एकोणतीस वर्षं काळ्या पेनानं लिहिणाऱ्या बाईला काळंच का वापरायचं, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

आत तिनं सहाही नळ्यांत ते सोंगाडं रसायन टाकलं. अतिनील दिव्याला जागा करायला बर्फाचा डबा सरकवला. मग साखर घालायची म्हणून नळ्यांकडे पाहिलं, तर सहाही कोऱ्या. लाल दिव्याखाली लाल शाई दिसत नाही. अक्षरं नळीवरच होती, फक्त डोळ्यांना नव्हती.  डबा सरकवताना फिरवला होता का? 'साखर' उजवीकडे होतं की डावीकडे झालं? बाहेर न्यावं तर रसायन वाया. चिमणीला हाक मारून विचारलं असतं तर काहीतरी वाट निघाली असती, पण हाक मारायची म्हणजे चुकलं असं सांगायचं. तिनं अंदाजानंच उजवीकडच्या तीन नळ्यांत साखर घातली आणि अतिनील दिवा लावला.

दहा मिनिटांनी डबा जसाच्या तसा धरून ती बाहेर आली. उजेडात अक्षरं लालभडक उमटली. उजव्या हाताला नाही, नाही, नाही.

"झालं का हो काकू?" चिमणी दारातच उभी होती.

"झालं," काकू म्हणाली.

त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर नळ्यांवरची नावं बदलून भागलं असतं. पण भित्र्या माणसाची हीच गंमत असते, सोपं असतं तेव्हाच त्याची दातखीळ बसते. फार तर प्रयोग फसल्यासारखा दिसेल आणि पुन्हा करू, अशी तिनं मनाची समजूत घातली.

प्रयोग फसला नाही. गुरुवारी चिमणी नाचत आली. "काकू, उलटं आलंय! साखर घातली तिथेच खूण आहे, नाही तिथे काहीच नाही. म्हणजे हे दार खरी साखर आल्याशिवाय उघडतच नाही. तिन्ही नळ्या एकच सांगतायत!" सरांनी खुणांच्या पट्ट्या तीनदा पाहिल्या. असं दार आजवर कुणी पाहिलं नाही, म्हणाले. पुन्हा करून बघायला रसायन उरलं नव्हतं, नवं बनायला दोन महिने लागणार होते. मोठी परिषद मात्र पुढच्याच महिन्यात होती. सोमवारी निबंध पाठवायचा ठरला, वर एकटीचं नाव, चिमणीचं.

काकूला पुढचं सगळं दिसायला लागलं. आता ही पोर शंभर विद्वानांपुढे उभी राहणार, न घडलेली गोष्ट सांगणार, मग जगभरचे लोक ती करून बघणार आणि कुणालाच जमणार नाही. सगळे म्हणतील, खोटारडी.

घरी काकू ताटातला भात नुसता चिवडत बसली. नवऱ्यानं ताट बाजूला सारलं. "अगं, काय फोडलंस?"

"काही नाही हो."

"मग तोंड असं का झालंय?"

"सात महिने राहिलेत निवृत्तीला," काकू म्हणाली. तो काय समजायचं ते समजला. "त्या वेळी मी गेलो होतो पाया पडायला. आता माझे गुडघे वाकत नाहीत. आता तुझं तूच बघ."

सोमवारी सकाळी तिनं तीनदा बोलायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा खोकला आला. दुसऱ्यांदा तिनं चहा घेणार का विचारलं. तिसऱ्यांदा नुसतीच उभी राहिली. चिमणी म्हणाली, "काकू, बरं वाटत नाहीये का?" मग काकूनं सरांच्या टेबलावरचं तेच लाल पेन घेतलं, कागदावर एक ओळ लिहिली, चिमणीचं मनगट धरलं आणि तिला काळोख्या खोलीत नेलं. दार लावलं. लाल दिवा लावला. कागद पुढे धरला.

"हे काय? कोरा कागद?" चिमणी हसली. "काय लिहायचंय यावर?"

 काकूनं दुसऱ्या हातातलं पेन वर केलं.

चिमणी कागदाकडे बघत राहिली. मग पेनाकडे. तिचं हसू हळूहळू मावळलं. हुशार पोर ती, तिला पांढरा दिवा लावून दाखवायची गरजच नव्हती. "गेल्या सोमवारी..." ती म्हणाली आणि स्टुलावर बसली.

"उलट्या नळ्यांत घातली गं साखर. मला बाहेर आल्या आल्या कळलं होतं. तरी मी 'झालं' म्हणाले."

 काकूला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. चिमणी हलक्या आवाजात म्हणाली, "म्हणजे साधंच दार आहे ते. सगळ्यांसारखं." आणि रडायला लागली. मग एकदम डोळे पुसून म्हणाली, "सर चारला पाठवणार आहेत. त्यांना कसं सांगायचं? मी तर सगळ्यांना फोन करून सांगितलंय. काकू, मला खूप भीती वाटतेय."

तिचा हात बर्फाच्या डब्यातून काढल्यासारखा गार होता.  भीतीची काकूला सत्तावन्न वर्षांची सवय होती, पोरीला पहिलाच दिवस.

"वाटू दे," ती म्हणाली. "मलाही वाटतेय. तू माझ्या मागे उभी राहा, बोलू नकोस."

सरांच्या खोलीचं दार काकू नेहमी दोन बोटांनी वाजवी आणि हाक येईपर्यंत बाहेर थांबे. आज ती थांबली असती तर परत फिरली असती, हे तिला ठाऊक होतं. तिनं चिमणीचा हात घट्ट धरला आणि न वाजवताच दार ढकललं.