पांढऱ्या पुठ्ठ्यावर माझी सही

परदेशातल्या गिऱ्हाइकाने पाठवलेल्या पाकिटात तीन फोटो होते. पहिल्यात कंटेनरचं दार नुकतंच उघडलेलं आणि आमच्या खोक्यांचा एक अख्खा ढीग दाराबाहेर झुकलेला. दुसऱ्यात तो ढीग जमिनीवर, खोकी फुटलेली, पितळी नळ सगळीकडे विखुरलेले. तिसऱ्या फोटोत फक्त एक बूट होता, पुढून चेपलेला. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, की माल उतरवणाऱ्या कामगाराच्या पायावर खोकी पडून दोन हाडं मोडली. पुढचा मालही असाच आला, तर तो तुमचा शेवटचा माल असेल.

नव्वदीचं दशक तेव्हा अर्ध्यावर आलं होतं. फरीदाबादच्या एका नळ बनवणाऱ्या कारखान्यात मी खरेदी विभागात होते. नवऱ्याची नोकरी केंद्र सरकारात, क्वार्टर राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरात. रोज सकाळी चार्टर्ड बसने मी फरीदाबादला जायचे. फायलींपासून स्क्रूपर्यंत सगळं माझ्या सहीने यायचं, आणि त्या सहीची मला कधी भीती वाटली नव्हती.

जीएम साहेबांनी फोटो माझ्यासमोर ठेवले. "मैडम, ये पट्टी ने किया है," ते म्हणाले.

खरंच होतं ते. आमची खोकी पॅलेटवर, म्हणजे फोर्कलिफ्टला उचलता येईल अशा लाकडी पाटावर, चार फूट उंच रचली जात आणि वरून प्लास्टिकची पट्टी ताणून बांधली जाई. पितळ जड. वाटेत हिसके बसले की पट्टी खोक्यांच्या कडा कापत आत शिरायची, मग सैल पडायची, आणि सैल पडली की ढीग कलायचा. उपाय ठाऊक होता: चारी कडांना पुठ्ठ्याचे लांब कोन लावायचे, एल अक्षरासारखे, आणि पट्टी त्यांच्यावरून न्यायची. आमच्याकडे ते कोणी वापरले नव्हते. कुठले घ्यायचे, ते मी ठरवायचं होतं. पुढचा कंटेनर दहा दिवसांनी तुघलकाबादच्या डेपोत पोचायला हवा होता.

"सर, उस आदमी का हाल पूछें?" मी निघताना विचारलं.

"पूछा तो लगेगा हमने ग़लती मान ली. माल ठीक भेजो, यही जवाब है."

मी पुन्हा विचारलं नाही. तो माणूस नीट चालायला लागला की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही.

दोन ठिकाणचे नमुने आले. एक पांढरा, गुळगुळीत, बोटभर जाड. दुसऱ्या दिवशी हवे तेवढे मिळणार होते. दुसरा साहिबाबादहून आलेला, तपकिरी, अंगाने बारीक, दिसायला अगदी गरीब. त्याला आठ दिवस लागणार होते. पांढऱ्याच्या विक्रेत्याने कोन दोन विटांवर आडवा ठेवला आणि स्वतः त्याच्यावर उभा राहिला. कोन जरासुद्धा वाकला नाही. जीएम साहेब हसले.

आमच्या पॅकिंगचे फोरमन पलवलकडचे, निवृत्तीला आलेले. त्यांनी तो कोन हातात घेऊन कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. "मैडमजी, ये अंदर से पोला लगता है. परतों में गोंद कम है."

मी ऐकलं. अगदी नीट ऐकलं. पण कंटेनर भरायला पाचच दिवस उरले होते आणि तपकिरीला आठ लागणार होते. तेवढ्यासाठी कंटेनर चुकला तर मी काय सांगणार होते? शुक्रवारी संध्याकाळी मी पांढऱ्या कोनाच्या मंजुरीवर सही केली. शनिवारी माल आला आणि अठरापैकी अकरा पॅलेट बांधूनही झाले. पांढऱ्या कडांचे ते ढीग इतके देखणे दिसत होते की ऑफिसातले लोक बघायला आले.

दोन्ही नमुन्यांचे उरलेले तुकडे मी घरी आणले होते. लेक आठ वर्षांची. तिने विचारलं, "आई, ये कोना किसलिए?" मी म्हटलं, "मराठीत बोल. खोक्याच्या कंगोऱ्याला लावतात." तर तिचा पुढचा प्रश्न, "कंगोरा म्हणजे?" मग दोन्ही कोन भिंतीशी उभे करून तिने बाहुलीचं घर केलं.

रविवारी आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला निघाली. संक्रांतीच्या सुमाराला दर वर्षी जायची. धुकं एवढं होतं की महामार्गावर पुढच्या ट्रकचे फक्त लाल दिवे दिसत होते. नवरा शेजारी डुलक्या काढत होता. मी प्रत्येक ट्रकवरचा माल बघत होते: कसा बांधलाय, कुठे कललाय, दोर कुठे रुततोय. सही करून झाली होती, विषय संपला होता, तरी.

स्मारकापाशी नमस्कार झाले, एका काकांचं छोटं भाषण झालं. तिळगुळाच्या लाडवांचं मोठं खोकं आमच्याकडे होतं. ते मी गवतावर ठेवलं होतं. तासाभराने वाटायला म्हणून उचललं, तर तळ तिथेच राहिला. गवतावरचं दव पुठ्ठ्याने पिऊन टाकलं होतं. लाडू घरंगळले, पोरं धावली, सगळे हसले. "अगं, पानिपत झालं की लाडवांचं!" नवरा म्हणाला.

मला हसू आलं नाही. हातात ओल्या पुठ्ठ्याची एक पापडी सुटून आली होती. आमचे कोनही पुठ्ठ्याचेच. कंटेनर याच धुक्यात डेपोत उभा राहणार, मग मुंबईची दमट हवा, मग समुद्र. पांढरा कोन ओला झाल्यावर काय करतो, हे मी बघितलंच नव्हतं. मी कोरड्या विटांवर कोरडा माणूस उभा राहिलेला बघितला होता.

परत आल्याबरोबर मी बाहुलीचं घर मोडलं. लेक रडली. दोन्ही तुकडे ओल्या पंच्यात गुंडाळून न्हाणीघरात गरम पाण्याच्या बादलीवर आडवे ठेवले आणि दार लावून घेतलं.

"काय चाललंय तुझं?" नवऱ्याने विचारलं.

"परीक्षा."

"सही करायच्या आधी घेतात ती."

तो चिडवत नव्हता, सहज बोलला. पण ते वाक्य मला लागलं.

सकाळी पंचा सोडला. तपकिरी कोन ओलसर झाला होता, वरचा कागद थोडा फुगला होता, बाकी जसाच्या तसा. पांढऱ्यात मी नख घातलं आणि तो वहीसारखा उघडला. पान सुटावं तशी एकेक घडी सुटत गेली. मधे गोंद होता तो बोटाला खळीसारखा लागला.

तो तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी बसमध्ये बसले. बदरपूरपाशी धुक्यामुळे बस अडकली, आणि त्या अर्ध्या तासात मी हर प्रकारचा विचार केला. पिशवी खिडकीतून टाकून द्यावी. कंटेनरमध्ये पाणी थोडंच शिरतं? कदाचित काहीच होणार नाही. झालंच तर खापर जहाजावर फुटेल. असा विचार आपण करू शकतो, याचीच मला जास्त भीती वाटली. डोळ्यांपुढे तो चेपलेला बूट होता.

जीएम साहेबांच्या टेबलावर मी पिशवी ठेवली. "सर, सफ़ेद वाला नहीं चलेगा. गीला होते ही खुल जाता है."

"अप्रूवल पर साइन किसके हैं?"

"मेरे."

"तो शुक्रवार को ये क्यों नहीं देखा?"

"देखना चाहिए था. फोरमनजी ने कहा भी था. मैंने जल्दी की."

मग त्यांनी स्वतः तो तुकडा उचलून एक घडी सोलली, मग दुसरी. हात रुमालाला पुसले आणि म्हणाले, "आठ दिन नहीं हैं हमारे पास. बुधवार को कंटेनर लगेगा. आप जाइए और माल लेकर आइए. कैसे, मुझे नहीं पता."

बांधलेले अकरा पॅलेट सोडायला सांगून मी फोरमनना घेऊन कंपनीच्या गाडीने साहिबाबादला निघाले. वाटेत ते एवढंच म्हणाले, "चलो, अच्छा हुआ, घर पर ही खुल गया." मला त्यांच्याकडे बघवेना.

तपकिरी कोन बनवणारे गृहस्थ वयस्कर होते. मागच्या शेडमध्ये कोनांच्या थप्प्याच थप्प्या होत्या. आशा वाटली तोवर त्यांनी मान हलवली. "ये सब फ्रिज वालों का माल है. आपका नंबर अगले हफ़्ते." मी विनवलं, उपयोग झाला नाही. मग पर्समधून फोटो काढून त्यांच्यापुढे ठेवला, बुटाचा.

"ये आपके माल से हुआ?"

"हाँ जी."

त्यांनी चष्मा काढला, परत घातला. "ले जाइए. फ्रिज वालों को मैं शनिवार तक नया बना दूँगा. पर ये छह फुट के हैं, काटने पड़ेंगे."

मी लगेच हो म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी एक बादली पाणी आणि ओलं पोतं मागितलं. फोरमन माझ्याकडे बघतच राहिले. त्या थप्प्यांतला एक कोन मी स्वतः निवडला, पोत्यात गुंडाळला, आणि आम्ही दोन तास तिथे बसून राहिलो. ते गृहस्थ चहा पाजत होते आणि मी घड्याळ बघत होते. हाही उघडला असता तर माझ्यापाशी तिसरा कोन नव्हता. पोतं सोडलं, टोकाला नख घालून जोर लावला. नख मोडलं. कोन उघडला नाही.

मंगळवारी पॅकिंगच्या हॉलमध्ये सुतारांच्या करवतींनी कोन कापणं सुरू झालं. "माल से एक उँगल कम," फोरमन ओरडत होते. कोन ढिगाच्या वर डोकावला तर पट्टी नीट बसत नाही. पॅकिंगच्या बायकांच्या केसांत, पापण्यांवर तपकिरी भुसा बसला. त्यांतल्या एकीने मला विचारलं, "मैडमजी, सफ़ेद तो सुंदर था, क्यों हटाया?" मी तिला खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा," आणि पुन्हा पट्टी ओढायला लागली. बुधवारी दुपारी अठरावा पॅलेट आत गेला. कंटेनरच्या दाराला सील लागलं तेव्हा मी तिथेच एका रिकाम्या पॅलेटवर बसले.

त्यानंतरचे सहा आठवडे वाईट गेले. फॅक्स मशीन वाजलं की हातातलं पेन थांबायचं. तपकिरी पुठ्ठाही चार तास, आठ तास तग धरेल, पण महिनाभर? करवतीने कापलेल्या टोकांतून ओल शिरली तर? घरी लेक दोनदा हाक मारायची तेव्हा मला एकदा ऐकू यायचं.

मार्चमध्ये एका दुपारी फॅक्स आला. जीएम साहेबांनी तो स्वतः आणून माझ्या टेबलावर ठेवला. सतरा पॅलेट उत्तम. एकाचं खालचं खोकं फोर्कलिफ्टचा दात लागून फाटलं, आतले नळ शाबूत. पुढची ऑर्डर पाठवत आहोत. कोणाला इजा झाली नाही असं मुद्दाम वेगळ्या ओळीत लिहिलं होतं. ती ओळ मी तीनदा वाचली.

आनंद व्हायला हवा होता. मला नुसती झोप आली, टेबलावर डोकं टेकावं अशी. मी कागद घेऊन हॉलमध्ये गेले आणि फोरमनना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"फोरमनजी, उस शुक्रवार को मैंने आपकी बात सुनी थी," मी म्हटलं. "सुनकर भी साइन कर दिया."

"पता है," ते म्हणाले. "आपका मुँह देखकर ही समझ गया था."

एवढंच. मग त्यांनी पुढच्या मालाला किती कोन लागतील ते विचारलं, आणि आम्ही दोघं मोजायला बसलो.